बलक टाकून द्यावा का? : अंडी, कोलेस्टेरॉल आणि हृदय यांविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये अंड्याविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे न छापता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी मात्र सुरू आहे. मार्चमधल्या तपासणीत त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल २२६, एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १४८, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३६ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१० आले. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. पण एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून त्यांनी गोळीऐवजी बलक बंद केला. पूर्वी ते रोज दोन अंडी खात असत. आता चार उकडतात, पांढरे तेवढे खातात आणि चारही बलक कुत्र्याच्या ताटलीत जातात. तीन महिन्यांनी एलडीएल १४५ आले. आता अंडी पूर्णच बंद करावीत का? बाकी आहार साधा आहे. दुपारच्या चहाबरोबर खारी आणि रात्री जेवताना थोडे फरसाण एवढेच त्यांना लागते. — सातारा

उत्तर : ताई, अंडी बंद करण्याची गरज नाही. गोळीचा निर्णय मात्र आणखी पुढे ढकलू नका. ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली त्यांना याच आठवड्यात भेटा आणि दोन्ही रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा.

आता कारण सांगतो. साधारण ५० ग्रॅमच्या अंड्यात सुमारे १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि ते सगळेच्या सगळे बलकात असते, हे तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु आपले शरीर स्वतःच दररोज ८०० ते १००० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल तयार करते, कारण प्रत्येक पेशीच्या आवरणाला, पित्ताला आणि अनेक संप्रेरकांना ते लागते. जेवणातून जास्त आले की आतड्यातून त्यातले साधारण निम्मेच शोषले जाते, आणि बहुतेकांचे यकृत आपले स्वतःचे उत्पादन कमी करून हिशोब जुळवून घेते. त्यामुळे ताटातले कोलेस्टेरॉल आणि रक्तातले कोलेस्टेरॉल यांचा संबंध आहे, पण तो लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ सैल आहे. माणसांवर काटेकोरपणे केलेल्या १७ आहार-प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात रोजच्या आहारात १०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल वाढवले असता रक्तातले एकूण कोलेस्टेरॉल सरासरी २.२ अंकांनी वाढल्याचे दिसले. म्हणजे रोजच्या एका अंड्यामागे सुमारे चार अंक. तुमच्या यजमानांनी दोन बलक सोडून तीन महिन्यांत एलडीएलचे तीन अंक कमी केले. एवढा फरक तर त्याच माणसाचे रक्त आठवड्याच्या अंतराने दोनदा तपासले तरी पडतो.

ही सरासरी आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. साधारण चारांत एका माणसाचे शरीर अंड्याला अधिक तीव्र प्रतिसाद देते. दुसऱ्या टोकाची माणसेही असतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो येथील एका ८८ वर्षांच्या वृद्धाची हकीकत १९९१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. हे गृहस्थ कित्येक वर्षे रोज २५ अंडी खात होते आणि तरीही त्यांचे कोलेस्टेरॉल २०० च्या आत होते. तपासणी केली तेव्हा त्यांचे आतडे आहारातले केवळ १८ टक्के कोलेस्टेरॉल शोषत असल्याचे आढळले, आणि बाकीचे यकृत पित्ताच्या वाटेने बाहेर टाकत होते. ही हकीकत अनुकरणासाठी सांगत नाही. एकाच पदार्थाने दोन माणसांच्या रक्तात किती वेगळे परिणाम होऊ शकतात, हे त्यातून कळते.

मग अंड्याची बदनामी कुठून सुरू झाली? १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव या रशियन शास्त्रज्ञांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले आणि सशांच्या रक्तवाहिन्यांत मेदाचे थर साचलेले दाखवून दिले. रक्तात कोलेस्टेरॉल वाढले की रक्तवाहिन्या बिघडतात, हा त्यांचा निष्कर्ष आजही उभा आहे आणि हृदयरोगाच्या आजच्या उपचारांचा तो पायाच आहे. पण ससा हा पाला खाणारा प्राणी आहे. त्याच्या नैसर्गिक आहारात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, म्हणून ते हाताळण्याची आपल्यासारखी व्यवस्था त्याच्याकडे नाही. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीनच बलक अशी मर्यादा घातली. तीन बलकांचा हा आकडा आपल्याकडच्या दवाखान्यांतही इतका मुरला, की मी शिकत असताना तो प्रश्न न विचारता पाठ केला होता. अमेरिकी सरकारच्या २०१५ च्या आहारविषयक शिफारशींतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली गेली, आणि त्याच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अलीकडच्या मार्गदर्शनात निरोगी माणसाने रोज एक अख्खे अंडे खाण्यास हरकत नाही असे म्हटले आहे. ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्यांनी, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी, हात आखडता घ्यावा, ही पुस्ती मात्र त्याला जोडलेली आहे आणि ती विसरून चालणार नाही.

वर्तमानपत्रांत एक दिवस अंडे घातक आणि दुसऱ्या दिवशी अंडे उत्तम असे का छापून येते, याचेही उत्तर द्यायला हवे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २९,६०० लोकांच्या अभ्यासात रोज अर्धे अंडे जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका सहा टक्क्यांनी जास्त आढळला. त्याच्या आदल्या वर्षी चीनमधल्या जवळपास पाच लाख लोकांच्या अभ्यासात रोज अंडे खाणाऱ्यांत हा धोका कमी दिसला होता. आपला भारत ज्यात सामील आहे अशा २१ देशांच्या पाहणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, आठवड्याला सात किंवा अधिक अंडी खाणाऱ्यांत धोक्यात लक्षणीय फरक आढळला नाही. हे सर्व अभ्यास लोक काय खातात ते विचारून आणि पुढे त्यांचे काय होते ते पाहून केलेले आहेत. अमेरिकेत अंड्याबरोबर ताटात डुकराचे खारवलेले मांस आणि लोणी लावलेला पाव येतो. चीनमध्ये रोज अंडे मिळणे हे बऱ्या परिस्थितीचे लक्षण ठरते. अंड्याला त्याच्या सोबत्यांपासून वेगळे काढणे अशा पाहणीत फार कठीण असते, असे माझे मत आहे.

म्हणून २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेला एक छोटा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. ६१ जणांना पाच-पाच आठवडे तीन प्रकारचे आहार आळीपाळीने दिले गेले : एकात रोज दोन अंडी पण संपृक्त मेद (तूप, लोणी, पाम तेल यांत भरपूर असणारी घट्ट चरबी) कमी, दुसऱ्यात अंडी नाहीत पण संपृक्त मेद भरपूर, आणि तिसऱ्यात आठवड्याला एकच अंडे, पण कोलेस्टेरॉल आणि संपृक्त मेद दोन्ही भरपूर. तिसऱ्या, म्हणजे नेहमीच्या पद्धतीच्या आहाराशी तुलना करता एलडीएल उतरले ते दोन अंड्यांच्या आहारावर, आणि एलडीएलचा चढउतार संपृक्त मेदाबरोबर जुळला, आहारातल्या कोलेस्टेरॉलबरोबर जुळला नाही. या प्रयोगाला अंडी-उद्योगाशी संबंधित संस्थेचे अर्थसाहाय्य होते, हे वाचकांना सांगणे माझे कर्तव्य आहे. तरीही संपृक्त मेदाविषयीचा त्याचा निष्कर्ष अर्धशतकभराच्या इतर संशोधनाशी मिळताजुळता आहे.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तिथे आहे. दोन अंड्यांत मिळून संपृक्त मेद असतो सुमारे तीन ग्रॅम. खारीचे पापुद्रे सुटतात ते मैद्याच्या घड्यांमध्ये थापलेल्या घट्ट वनस्पती तुपामुळे किंवा मार्गरिनमुळे. फरसाण बहुधा पाम तेलात तळलेले असते, आणि पाम तेलाचा जवळपास निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो. तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या औद्योगिक ट्रान्स मेदावर आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, ही चांगली गोष्ट आहे, पण तिने खारी हलकी झालेली नाही. शिवाय यजमानांचे एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त आहे. आपल्या लोकांत वारंवार दिसणारी ही जोडी आहे, आणि ती अंड्याने होत नाही. मैदा, साखर, मद्य, पोटाचा घेर आणि बसून राहणे यांनी होते. तेव्हा पुढचे तीन महिने त्यांनी रोज एक अख्खे अंडे, उकडून किंवा चमचाभर तेलावर परतून, जरूर खावे. ब-१२, ड जीवनसत्त्व आणि कोलीन बलकातच असतात आणि अंड्याच्या सहा ग्रॅम प्रथिनांतली जवळपास निम्मी प्रथिनेही बलकातच असतात. बंद करायची ती खारी आणि फरसाण. चहाबरोबर भाजलेले चणे किंवा मूठभर शेंगदाणे चालतील, आणि रोज अर्धा तास भरभर चालणे हवे.

प्रश्न : आमच्याकडे श्रावणात अंडी आणि मांसाहार पूर्ण बंद असतो. आषाढ अमावास्येनंतर महिनाभर आम्ही पथ्य पाळतो, तरी गेल्या वर्षी गणपतीनंतर केलेल्या तपासणीत माझे ट्रायग्लिसराइड वाढलेले आले. असे कसे झाले? — पुणे

उत्तर : श्रावणातल्या सोमवारी आणि शनिवारी तुमच्या घरी काय शिजते, ते आठवून पाहा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड चकत्या, दुपारी शिरा, आणि मग गणपतीत तूप सोडलेले मोदक व पेढे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची रक्तात झपाट्याने साखर होते आणि यकृत जास्तीच्या साखरेचे ट्रायग्लिसराइडमध्ये रूपांतर करते. श्रावण श्रद्धेने जरूर पाळावा. उपवासाला राजगिरा, वरई, ताक, काकडी आणि दही घालून केलेली कोशिंबीर, एखादे फळ असे ठेवले तर व्रतही मोडत नाही आणि रिपोर्टही बिघडत नाही. श्रावणात प्रथिने कमी पडू नयेत म्हणून मूग, मटकी, मसूर आणि दूध वाढवावे. तपासणी सणाच्या ऐन धामधुमीनंतर लगेच न करता नेहमीचा आहार तीन-चार आठवडे झाल्यावर करावी.

प्रश्न : गावरान अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असते म्हणून आम्ही दुप्पट दराने ती घेतो. हे खरे आहे का? — अहिल्यानगर

उत्तर : नाही. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. परसात फिरून किडे आणि हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीच्या बलकाचा रंग गडद असतो, चवही अनेकांना आवडते. पण ग्रॅमला ग्रॅम पाहिले तर कोलेस्टेरॉलमध्ये सांगण्याजोगा फरक नसतो. गावरान अंडे आकाराने लहान असते, एवढ्यापुरते ते कमी. तपकिरी टरफलाची पोल्ट्रीची अंडीही गावरान म्हणून विकली जातात, तेव्हा चवीसाठी पैसे मोजत असाल तर ओळखीच्या घरून घ्या. कच्चे अंडे दुधात फेटून पिण्याची पद्धत काही तालमींत अजून आहे, ती मात्र सोडावी. कच्च्या पांढऱ्यातली प्रथिने शिजवलेल्यापेक्षा बरीच कमी पचतात आणि साल्मोनेला जंतूंचा धोका असतो.

प्रश्न : माझे वय ६२. पंधरा वर्षांचा मधुमेह आहे आणि गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. संध्याकाळी गाड्यावरचे रस-ऑम्लेट खाण्याची सवय मला तरुणपणापासून आहे. आता आठवड्यातून तीनदा खातो. चालेल का? — म्हापसा, गोवा

उत्तर : तुमच्या बाबतीत माझे उत्तर साताऱ्याच्या वाचकांना दिलेल्या उत्तरापेक्षा कडक आहे. मधुमेह असलेल्या लोकांत जास्त अंडी आणि हृदयविकार यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे. दुसरीकडे, सिडनी येथे मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या १४० जणांवर केलेल्या प्रयोगात आठवड्याला १२ अंडी खाणाऱ्यांच्या आणि दोनपेक्षा कमी खाणाऱ्यांच्या कोलेस्टेरॉलमध्ये तीन महिन्यांत फरक पडला नाही. पण तो प्रयोग तीन महिन्यांचा होता आणि तुमची धमनी एकदा बंद पडलेली आहे. म्हणून आठवड्याला तीन ते चार अख्खी अंडी, त्यापलीकडे पांढरे हवे तेवढे, असे मी सांगेन.

तुमच्या ताटलीत मला अंड्यापेक्षा रसाची काळजी वाटते. तो दाट रस शाकुतीचा, म्हणजे गोव्याच्या मसालेदार रश्श्याचा; त्यात भाजलेला नारळ असतो, आणि ओल्या नारळाच्या १०० ग्रॅम खोबऱ्यात सुमारे ३० ग्रॅम संपृक्त मेद असतो. वाटीभर रसात ३० ग्रॅम खोबरे धरले तरी नऊ ग्रॅम संपृक्त मेद पोटात जातो. ऑम्लेटच्या दोन अंड्यांतला मिळून तीनच ग्रॅम. सोबतीला दोन-तीन पाव असतात ते वेगळेच. मी स्वतः अशा गाड्यापाशी उभा राहून पाहिले आहे : ऑम्लेट ताटलीत पडते, वरून एक पळी रस, बारीक कापलेला कांदा, लिंबू, आणि गिऱ्हाइकाने पाव बुडवायला सुरुवात केली की दुसरी पळी न मागता येते. ती दुसरी पळी नको म्हणावी आणि पाव एकावर थांबवावा. हा पदार्थ महिन्यातून एखादेवेळी खाण्याचा ठेवावा. एरवी घरी कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घालून चमचाभर तेलावर ऑम्लेट करावे. तुमच्यासारख्या रुग्णाचे एलडीएल ५५ च्या खाली असावे, असे भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. केवळ आहाराने तिथवर कोणी पोचत नाही. तेव्हा कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी चुकवू नका आणि शेवटचे एलडीएल किती होते, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे, वजन योग्य आहे, रोज पोहतो. कंपनीच्या तपासणीत एलडीएल २३६ आले. मी अंडी, मटण, तूप, काजू सगळे सोडले. आठ महिन्यांनी ते २२८ आहे. वडिलांना ४२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले. माझ्या पापण्यांजवळ पिवळसर चट्टे आहेत. मी आणखी काय सोडू? मला एक लहान बहीण आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. — रत्नागिरी

उत्तर : तुम्ही आठ महिने जो निग्रह केला तो वाया गेला असे समजू नका, पण आता आणखी काही सोडण्याची गरज नाही. तुमच्या पत्रातल्या चार गोष्टी, म्हणजे तरुण वय, १९० च्या वर एलडीएल, वडिलांचा अकाली मृत्यू आणि सगळे पथ्य पाळूनही न हललेला आकडा, एकत्र पाहिल्या की आनुवंशिक कोलेस्टेरॉल-वाढीचा संशय घ्यावाच लागतो. जगात साधारण दर २५० माणसांमागे एकाला हा विकार असतो, आणि बहुतेकांना तो असल्याचे ठाऊकच नसते.

यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राही असतात. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे ग्राही शोधून काढले आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विकारात जन्मतःच निम्मे ग्राही नसतात किंवा काम करत नाहीत. रक्तातले कोलेस्टेरॉल उचलणारे हातच अपुरे असल्यामुळे ते रक्तात साचत राहते, आणि तुम्ही बलक खाल्ला काय किंवा सोडला काय, त्याने फारच थोडा फरक पडतो. पथ्य सुरू ठेवा, पण त्यावर विसंबून राहू नका.

पापण्यांवरचे चट्टे हे एकटेच निदानाला पुरेसे नाहीत. ते असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचे कोलेस्टेरॉल सामान्य असते. त्यापेक्षा टाचेच्या वरचा जाड स्नायुबंध चिमटीत धरून पाहा. तो जाड, गाठीगाठींचा लागत असेल तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. हृदयरोगतज्ज्ञांची भेट लवकरात लवकर घ्या आणि रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या लिपोप्रोटीन-ए या कणाची तपासणी एकदा करून घ्या. दक्षिण आशियाई लोकांत साधारण चारांत एकाला तो जास्त असतो आणि आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो. उपचार म्हणून बहुधा प्रभावी मात्रेत स्टॅटिन आणि त्याच्या जोडीला एझेटिमाइब दिले जाईल. हे दुसरे औषध आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाण्याची वाट अडवते. पित्तावाटे आतड्यात रोज येणारे कोलेस्टेरॉल हे आहारातल्यापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणूनच अंडी सोडून जे साधत नाही ते या गोळीने साधते. एवढ्याने भागले नाही तर इंजेक्शनेही उपलब्ध आहेत. आयुष्यभर गोळी घ्यायची या कल्पनेने तुमच्यासारखे तरुण बिचकतात, हे मला माहीत आहे. पण तुमच्या वडिलांच्या पिढीला जे मिळाले नाही ते तुम्हाला आज औषधाच्या साध्या दुकानात मिळते.

हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून आला असेल तर प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून मुलाचे रक्त कधी तपासायचे हे बालरोगतज्ज्ञांशी बोलून आत्ताच ठरवून ठेवा. बहिणीची तपासणी मात्र या महिन्यातच करून घ्या; ती सडपातळ असली, शाकाहारी असली आणि तिला काहीही त्रास नसला तरीही.